फुकटच्या कुलपाचे दुखणे

बँकेच्या व्यवहारांपासून ई-मेलपर्यंत सारे सुरक्षित राखणाऱ्या 'ओपनएसएसएल' या मुक्त सॉफ्टवेअरला २०१४ पूर्वी मिळणाऱ्या देणग्या वर्षाकाठी जेमतेम २ हजार डॉलरच्या घरात होत्या. पूर्णवेळ राबणारा प्रोग्रॅमर एकच. त्या वर्षी एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' ही त्रुटी उघडकीस आली आणि बड्या कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने गुगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक आदींनी प्रत्येकी वर्षाला १ लाख डॉलर, किमान तीन वर्षे देण्याचे जाहीर केले.

पुढल्याच वर्षी 'जीएनयूपीजी'चे जनक वेर्नर कोख यांची आर्थिक ओढाताण छापून आली, तेव्हा कुठे देणग्यांचा ओघ सुरू झाला. म्हणजे मदत येते ती बोभाटा झाल्यावर! परवान्यात मोबदल्याची अट नसते आणि रोजची डागडुजी देणगीदाराच्या नजरेत भरत नाही.

आपल्याकडे 'झिरोधा'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वार्षिक १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, हे स्वागतार्हच. इतर कंपन्यांपुढे मात्र अडचण आहे. कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा निधी भारतातील कामांवरच खर्च करावा लागतो आणि या प्रकल्पांचे कार्यकर्ते तर जगभर विखुरलेले.