हावड्याला उतरलात? टॅक्सीची घाई नको!

मुंबईहून गीतांजली पकडा नाहीतर पुण्याहून आझाद हिंद, गाडी तुम्हाला कोलकात्यात सोडतच नाही. ती थांबते हावड्याला, हुगळी नदीच्या अलीकडे. शहर पलीकडच्या काठावर!

हे मला ठाऊक नव्हतं. सोबत आई, तिचे दुखरे गुडघे आणि तीन बॅगा. बाहेर पडताच एका टॅक्सीवाल्याने सांगितलेले पैसे मुकाट्याने कबूल केले आणि हावडा ब्रिजवर पाऊण तास अडकून बसलो.

परतताना शहाणपण आलं. मार्च २०२४ पासून हावडा स्टेशनहून मेट्रो थेट नदीखालून एस्प्लनेडला जाते. नदीखालचा टप्पा जेमतेम पाऊण मिनिटाचा. आई पाणी दिसेल म्हणून काचेला नाक लावून बसली होती, दिसले ते बोगद्यातले निळे दिवे! एस्प्लनेडला ब्लू लाइन पकडलीत की एका दिशेला कालीघाट, दुसऱ्या दिशेला दक्षिणेश्वर. दोन्हीकडे स्टेशन आहे, त्यामुळे देवीदर्शनासाठी दिवसभराची गाडी ठरवायची गरज नाही.

सामान कमी असेल तर मात्र बोटीनेच जा. स्टेशनसमोरच घाट आहे, तिकीट अगदी थोड्या रुपयांत मिळतं आणि ब्रिज खरा दिसतो तो पाण्यातूनच. फक्त ऑफिसची वेळ टाळा, त्या गर्दीत बॅगा सांभाळणं अवघड.

रस्ता चुकलात तर 'दादा' म्हणून हाक मारा. तिकडेही दादाच म्हणतात.