गाळ कोणाचा?

भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे बिरूद आपण भाषणांतून मिरवतो. तलावांची आठवण मात्र पाऊस दगा देतो तेव्हाच होते. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतील कित्येक गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधले. पाणी साठवणे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. पावसाळ्यात रानातली सुपीक माती नि पालापाचोळा तलावात येई. उन्हाळ्यात तोच गाळ बैलगाड्यांनी धानाच्या बांधीत परत जाई. कापणीपूर्वी उभ्या धानात लाखोळी, जवस फेकत. लाखोळीमुळे जमिनीला नत्र मिळे. मातीतून घेतलेले मातीला परत करावे, हा त्या शेतीचा धर्मच होता.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती. वेठबिगारीचे गोडवे कोणी गाऊ नयेत. परंतु मालगुजारासोबत तलावाची जबाबदारीही गावाच्या हातून निसटली. तलाव सरकारी झाला आणि सरकारी म्हणजे कोणाचाच नाही, अशी त्याची गत झाली. पाळी खचल्या, पात्रात बेशरम माजली. गाळाची जागा युरियाच्या पोत्याने घेतली. युरिया नत्र देतो. जमिनीत ओल धरून ठेवणारी चिकणमाती नि सेंद्रिय अंश तो कोठून देणार?

२०१७ मध्ये राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. जुने शहाणपण सरकारदरबारी मान्य झाले, हे स्वागतार्हच आहे. पण तलाव म्हणजे नुसता खड्डा नव्हे. यंत्राने सरसकट खोल खणले, तर काठचा उथळ भाग नष्ट होतो. तेथेच पाणवनस्पती वाढतात, मासे अंडी घालतात, पक्षी उतरतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलाव कसा जगतो हे पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्यांना ठाऊक असते. त्यांना न विचारता आखलेला आराखडा कितीही देखणा असो, तो अपुराच.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. कोठे व किती खणायचे, हे ग्रामसभेने शेतकरी आणि ढिवर यांच्या संमतीने ठरवावे. काठ शाबूत राहावा. गाळावर पहिला हक्क त्याच गावच्या अल्पभूधारकाचा असावा. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याचाच गाळ, असे होता कामा नये.

हा प्रश्न दूरच्या झाडीपट्टीचा आहे, असे वसईकर वाचकांनी समजू नये. आपल्या वाड्यांतील बावखले कोणी बुजवली? परक्यांनीच का? मातीचे ऋण फेडायचे असेल, तर आधी आपल्या दारचे पाणी राखावे लागेल. ते न करता निसर्गावर प्रवचने झोडणे हा शुद्ध दांभिकपणा होय.