प्रयोगशाळेच्या खिडकीतून : एकवीस दिवसांचं इंजेक्शन



या अंकात किटलीच्या तळाशी बसणाऱ्या पांढऱ्या थराबद्दल लिहीन असं मी मागच्या वेळी कबूल केलं होतं. तो थर कुठे पळून जात नाही, पुढच्या अंकात बघू. गेल्या सभेत एक प्रश्न निघाला, त्याचं उत्तर मला तिथे धड देता आलं नाही. हॉलची वेळ संपत आली होती, चहा निवत होता आणि खरं सांगायचं तर मी जरा चिडलेही होते. म्हणून इथे लिहिते.

महाराष्ट्र दिनाच्या जेवणाचा खर्च वजा जाता मंडळाकडे ४,२०० शेकेल उरले आहेत. ते होलोनला येणाऱ्या इथिओपियाच्या मुलांसाठी द्यावेत असं मी सुचवलं. त्यावर आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी (आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो) विचारलं, "अगं, ऑपरेशन तिथे फुकटच होतं ना? मग आपले पैसे कशाला? खेळणी नेतेस तेवढं पुरे. उरलेले अलिबागला पाठवू. आपली पोरं काय कमी आजारी आहेत?"

आबांचा प्रश्न चुकीचा नाही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. होलोनच्या वोल्फसन रुग्णालयात 'सेव्ह अ चाइल्ड्स हार्ट' ही संस्था परदेशातल्या गरीब मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करते. डॉ. अमी कोहेन १९९२ साली अमेरिकेहून इथे आले. इथिओपियातल्या एका डॉक्टरांनी त्यांना विचारलं, माझ्याकडे दोन मुलं आहेत, त्यांचं ऑपरेशन कराल का? त्यातून १९९५ साली ही संस्था उभी राहिली. डॉ. कोहेन २००१ साली किलिमांजारो चढताना वारले, पण काम थांबलं नाही. आजवर हजारो मुलं बरी होऊन गेली. आफ्रिकेतली आहेत, तशीच वेस्ट बँक, गाझा आणि इराकमधलीही. आपल्या मंडळाच्या चौघीजणी दोन वर्षं दर पंधरवड्याला तिथल्या बालगृहात जातो. आम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही. मुलांना खेळवायचं, आयांशी खाणाखुणांनी बोलायचं, भांडी घासायची, इतकंच.

एकदा आम्ही पिठलं करून नेलं. इथिओपियाच्या एका बाईने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "शिरो!" त्यांच्याकडेही डाळीच्या पिठाचं असंच करतात, तिखट मात्र आपल्याहून जास्त. त्यांची इंजेराही आपल्या आंबोळीची थोरली बहीण. त्या दिवसापासून त्या बाईशी आमची ओळख झाली. तिची मुलगी नऊ वर्षांची, जिम्मा शहरापलीकडच्या एका गावातली. तिच्या हृदयाची झडप गळत होती. चार पावलं चालली की धाप लागायची. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात ती व्हरांड्यात चेंडूमागे पळाली तेव्हा आईने तोंडावर पदर घेतला. रडत होती की हसत होती ते आम्हाला कळलं नाही.

आता माझं सांगणं सुरू होतं ते इथून. जन्मतःच हृदयाला भोक असलेलं मूल वेगळं आणि ही मुलगी वेगळी. हिची झडप जन्मली तेव्हा चांगली होती. ती बिघडली घशाच्या दुखण्याने. एका जातीच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा सुजतो. वेळेवर औषध मिळालं नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे सुजतात. हा संधिवाताचा ताप, र्‍हुमॅटिक फीव्हर. जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन आणि आपल्या हृदयातलं एक प्रथिन दिसायला बरंच सारखं असतं. चोराला पकडायला निघालेले शिपाई मग घरमालकालाच बडवू लागतात. सांधे बरे होतात, झडपेवर वण राहतो. पुन्हा घसा धरला की पुन्हा मार, नवा वण. जिम्म्यातल्या शाळांमधून मुलांच्या हृदयांची सोनोग्राफी केली तेव्हा हजारात सुमारे तीस मुलांच्या झडपांवर या आजाराच्या खुणा सापडल्या. त्या मुलांना स्वतःला काहीच जाणवत नव्हतं.

सर्जन झडप शिवतो, नीट करतो. मुलांमध्ये शक्यतो दुरुस्तीच करतात, कारण धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि त्यासाठी रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. ती खेड्यात कुठे करायची? पण दुरुस्त केलेल्या झडपेलाही घशातला जंतू सोडत नाही. म्हणून ऑपरेशननंतरही दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन घ्यावं लागतं. वर्ष-दोन वर्षं नाही, ऑपरेशन झालेल्यांना बहुधा जन्मभर.

हे नर्सने त्या आईला सांगितलं. दुभाषी म्हणून माझी शेजारीण आली होती. ती सहा वर्षांची असताना, मे १९९१ मध्ये, ऑपरेशन सॉलोमनमध्ये अदिस अबाबाहून इथे आली. अम्हारिक ती अजून आईशी बोलते म्हणून टिकली आहे (आपल्या मुलांच्या मराठीसारखंच). आई सगळं ऐकून म्हणाली, "दार दुरुस्त झालं ना? मग मर्फे कशाला?" मर्फे म्हणजे सुई.

मंडळी, हाच प्रश्न माझ्या आजीने अलिबागच्या डॉक्टरांना विचारला होता.

माझ्या धाकट्या मावशीला बाराव्या वर्षी, १९७६ साली, हा ताप आला. आपल्यापैकी पन्नाशी-साठी उलटलेल्यांना 'एकवीस दिवसांचं इंजेक्शन' आठवत असेल. पेनिड्यूर एलए १२. बारा म्हणजे बारा लाख युनिट. आई सांगते, त्या दिवशी मावशी सकाळपासून बोलायची नाही. कंपाउंडर बाटली हातात चोळून पांढरं दूध करायचा, जाड सुई, तरी ती मध्येच तुंबायची. दोन दिवस पाय ओढत चालायची. तरी नऊ वर्षं तिने ते नेमाने घेतलं. मग लग्न ठरलं. मुलीला हृदयाचं काही आहे हे सासरी कळू नये म्हणून इंजेक्शन बंद झालं. कुणी वाईट माणसं नव्हती, सगळ्यांना तिचं भलंच करायचं होतं. दुसऱ्या बाळंतपणात तिला श्वास घेता येईना. १९९४ साली ती गेली, तीस वर्षांची होऊन. मी पाच वर्षांची होते. मला तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवतात, चेहरा फोटोतलाच.

सभेत मी चिडले ते यामुळे. आबांचा त्यात काही दोष नव्हता.

आता थोडं माझ्या धंद्याचं. क्षार पाण्यात किती विरघळतात यात मी डॉक्टरेटची पाच वर्षं घालवली. घरी यावर पुष्कळ थट्टा होते. पण हे इंजेक्शन म्हणजे तोच विषय. साधं पेनिसिलिन टोचलं तर ते काही तासांत लघवीवाटे निघून जातं. म्हणून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रसायनतज्ज्ञांनी पेनिसिलिनच्या दोन रेणूंना बेन्झाथिन नावाच्या एका रेणूशी बांधून क्षार बनवला. तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कंबरेच्या स्नायूत त्याचा साठा राहतो आणि तीन-चार आठवडे थोडं थोडं पेनिसिलिन सुटत राहतं. विरघळत नाही म्हणून ते टिकतं, आणि विरघळत नाही म्हणूनच सुईत तुंबतं नि दुखतं. गुण आणि दुःख एकाच कारणाचे. हे मी त्या आईला शेजारणीमार्फत सांगितलं. लाकडाचा जाड ओंडका हळू जळतो तसं, असं शेजारणीने आपल्या पदरचं जोडलं. ते माझ्या बांधणीपेक्षा बरं होतं.

आणखी एक गोष्ट मला अजून आश्चर्याची वाटते. इतके जंतू औषधांना सरावले, पण घशाचा हा स्ट्रेप्टोकोकस ऐंशी वर्षांत पेनिसिलिनला सरावलेला नाही. जुनं, स्वस्त औषध अजून लागू पडतं. फार स्वस्त, हीच अडचण. नफा नाही म्हणून कच्चा माल बनवणारे जगात मोजकेच उरले. २०१४ ते २०१६ या काळाबद्दल ९५ देशांकडून माहिती घेतली, त्यातल्या ३९ देशांत या इंजेक्शनची टंचाई होती.

उपयोग किती? युगांडात ८१८ मुलांवर अभ्यास झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. झडपेवर नुसती सुरुवातीची खूण असलेली मुलं घेतली. अर्ध्यांना दर चार आठवड्यांनी इंजेक्शन, अर्ध्यांना नाही. दोन वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्यांत ३३ मुलांचा आजार वाढला होता, घेतलेल्यांत तिघांचा. (एक सावधगिरी: ज्यांचं हृदय फारच दुबळं झालं आहे त्यांना टोचण्यापेक्षा गोळ्या बऱ्या, असं २०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सुचवलं आहे. ते डॉक्टरांनी ठरवायचं.)

अलिबागबद्दल. शाळांतल्या मुलांची तपासणी करून हृदयाचे आजार शोधायचा केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरलाच सुरू झाला. महात्मा फुले योजनेत हृदयाची ऑपरेशनं होतात. सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणत नाही. पण दार आहे, ठोठावता येतं. इथिओपियाची लोकसंख्या बारा कोटींच्या वर आणि हृदयाची ऑपरेशनं बहुतेक अदिस अबाबातच. डॉ. बेलाय अबेगाझ यांनी १९८९ साली मुलांसाठी निधी उभारायला सुरुवात केली, तेव्हा कुठे २००९ साली तिथल्या ब्लॅक लायन रुग्णालयाच्या आवारात हृदय केंद्र उघडलं. वाट पाहणारी मुलं हजारोंनी आहेत. होलोनला आलेलं मूल म्हणजे त्यातलं एक. त्याच्यावर इतक्या माणसांनी इतकी मेहनत घेतल्यावर ते गावी जाऊन सुईवाचून पुन्हा आजारी पडावं?

जायच्या आधी आम्ही मुलीला तारखांचं कार्ड करून दिलं. त्यातही गंमत झाली. त्यांचं वर्ष आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, महिने तेरा. बारा महिने तीस दिवसांचे, तेरावा पाच-सहा दिवसांचा. घड्याळही सूर्योदयापासून, म्हणजे आपले सकाळचे आठ ते त्यांचे दोन. आमच्या तारखा तिच्या काही कामाच्या नव्हत्या. शेजारणीच्या आईने चष्मा लावून सगळ्या तारखा त्यांच्या लिपीत लिहिल्या. (ती लिपी आपल्या बाराखडीसारखी आहे, फक्त खडी सातांची.) मग आई हिशोब करत राहिली आणि म्हणाली, दर अठ्ठावीस दिवसांनी म्हणजे वार एकच येणार. आमचा बाजार मंगळवारी असतो. दर चौथ्या बाजाराला आरोग्य केंद्रात जाईन. आम्हा चार शिकलेल्यांच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

तिथून केंद्र जीपने दीड तास. जीपचं भाडं, दिवसाची बुडालेली मजुरी आणि केंद्रात औषध नसलं तर शहरातून बाटली विकत. हा खर्च कुणाच्याच ऑपरेशनच्या हिशोबात धरलेला नसतो.

म्हणून आबा, माझी सूचना अशी. ४,२०० शेकेल संस्थेला द्यावेत, पण सोबतच्या पत्रात लिहावं की ते मुलं परत गेल्यावरच्या देखभालीसाठी आहेत. खेळण्यांची वर्गणी आम्ही चौघी वेगळी काढू. आणि अलिबागसाठी पुढच्या कार्यक्रमाचं उत्पन्न ठेवायचं असेल तर त्या ठरावाला माझं अनुमोदन आहे, वडे तळायला मी येईन.

वाचकांपैकी कुणी लहानपणी एकवीस दिवसांचं इंजेक्शन घेतलं असेल आणि मध्येच सोडलं असेल, तर इथल्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. कागद नसले तरी सांगा. विशेषतः बायकांनी, आणि सुनेला किंवा लेकीला दिवस राहिले असतील तर आधी.

मुलगी गेल्याला पाच आठवडे झाले. पहिला मंगळवार होऊन गेला. शेजारणीने दोनदा फोन लावला, लागला नाही. तिथे लाइन बऱ्याचदा नसते. गुरुवारी पुन्हा लावणार आहोत, सभेत सांगेन.

सभा पुढच्या शनिवारी, शब्बाथ संपल्यावर साडेआठला, नेहमीच्या हॉलमध्ये. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी आपलं मत चिटणीसांना फोनवर कळवावं. बालगृहात यायला आणखी दोघीतिघी हव्यात, पिठलं येत असल्यास उत्तम.