फ्रँकेनस्टाईन म्हणजे भस्मासुर नव्हे



२०२५ मध्ये गिलर्मो देल तोरोचा 'फ्रँकेनस्टाईन' आला आणि आपल्या शनिवारच्या पॉटलकमध्ये पुन्हा तेच सुरू झालं: विज्ञान फार पुढे गेलं की भस्मासुर उलटतोच! मी पेशींवर संशोधन करते, त्यामुळे हा शेरा बहुधा माझ्याकडे बघूनच मारला जातो.

मराठीत फ्रँकेनस्टाईन म्हटलं की भस्मासुर हा प्रतिशब्द सर्रास वापरतात. तो मला साफ चुकीचा वाटतो, आणि सोयीस्करसुद्धा. भस्मासुराने वर मागितला, शंकराने दिला, आणि तो देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला. तात्पर्य काय, तर अपात्राला शक्ती देऊ नये. मेरी शेलीच्या कादंबरीतल्या जिवाने काहीच मागितलेलं नाही. व्हिक्टर त्याला घडवतो आणि त्याने डोळे उघडताच घाबरून खोलीतून पळ काढतो. त्याला साधं नावही देत नाही. (फ्रँकेनस्टाईन हे घडवणाऱ्याचं आडनाव, हे किती वेळा सांगायचं!) इथे अपात्र कोणी असेल तर तो घडवणारा.

१८१६ च्या त्या थंडगार उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी मेरीने हे लिहायला घेतलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आदल्या वर्षी तिची पहिली मुलगी जन्मानंतर काही दिवसांतच गेली होती. प्रेताला वीज लावून हलवण्याचे प्रयोगही तेव्हा खरोखर होत. १८०३ मध्ये अल्दिनीने लंडनमध्ये फाशी गेलेल्या कैद्याच्या देहावर तो करून दाखवला होता. पुस्तक १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाविना, फक्त ५०० प्रती, असं निघालं. दोनशे वर्षं ते टिकलं ते निव्वळ भीतीमुळे, असं मला वाटत नाही. मधला मोठा भाग तो जीवच बोलतो. एका कुटुंबाच्या झोपडीला लागून लपून तो भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लूटार्क वाचतो, आणि मग आपल्या कर्त्याला जाब विचारतो.

हा आवाज पुढच्यांनी काढून घेतला. १८२३ च्या नाटकात तो मुका झाला, १९३१ च्या सिनेमात नुसता गुरगुरला. शिवाय सिनेमाने त्याला गुन्हेगाराचा मेंदू बसवला, म्हणजे दोष मालातच होता! आपल्या डोक्यात बसलाय तो हा सिनेमा. कादंबरीतलं सर्वांत भयानक प्रकरण जस्टिनचं आहे. निरपराध मोलकरीण खुनाच्या आरोपाखाली फासावर जाते, खरा खुनी कोण हे व्हिक्टर ओळखून असतो, आणि लोक आपल्याला वेडा ठरवतील म्हणून गप्प बसतो.

आता आपल्याकडे या. १९९२ मध्ये अमेरिकेत 'फ्रँकेनफूड' हा शब्द निघाला आणि जनुकबदल केलेल्या प्रत्येक पिकावर तो चिकटवला गेला. मला तो बाष्कळ वाटतो. जनुक बदलणं हे पाप नव्हे. पण भारतात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा सोबत अट होती: कडेने साधा, बिगर-बीटी कापूस पेरायचा, म्हणजे बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही. त्यासाठी १२० ग्रॅमची वेगळी पिशवी बियाण्याबरोबर दिली जायची. दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्याने त्यातली काही जमीन अळीला का सोडावी, हे त्याला बांधावर जाऊन समजावणार कोण? बहुतेकांनी ती पेरलीच नाही. इतरही कारणं होती, पण २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कापूसच खाल्ला. दोष कोणाच्या माथी मारला गेला? शेतकऱ्याच्या.

विरोधक म्हणतात बनवायलाच नको होतं, आमचे शास्त्रज्ञ म्हणतात आम्ही बनवून दिलं, पुढचं आमचं काम नाही. दोघांनीही कादंबरी वाचलेली नाही. आपल्यातले कितीतरी जण औषधं, बियाणी, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत. वस्तू बाजारात गेल्यावर तिच्यामागे किती माणसं आणि किती बजेट उरतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

पुस्तक फार मोठं नाही. निदान तो जीव स्वतः बोलतो तेवढा भाग तरी वाचा. शक्यतो १८१८ ची आवृत्ती घ्या. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत मेरीने व्हिक्टरला नशिबाची पळवाट पुष्कळ मोकळी करून दिली आहे, आणि ते मला मुळीच पटत नाही.