शाळेचा नंबर माहीत आहे म्हणून यादी द्यायची का?



आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या शाळांचा यू-डायस नंबर २७०८ ने सुरू होतो. २७ महाराष्ट्राचे, ०८ वर्ध्याचे, पुढे तालुका, गाव आणि शेवटचे दोन अंक शाळेचे. एकूण ११ अंक. शाळेच्या फलकावरही तो रंगवलेला असतो, म्हणजे त्यात गुपित काही नाही.

मागे एका खासगी परीक्षेच्या साइटवर मुलांची नावं भरत होतो. वर पत्त्याच्या पट्टीत आमच्या शाळेचा नंबर दिसला. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू! शेवटचा अंक बदलला, तर दुसऱ्याच शाळेची अख्खी यादी समोर. नावं, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल. लगेच बंद केलं आणि त्यांना कळवलं. उत्तर आलं, "सर, तुम्ही नंबर बदलत जाऊ नका."

आता बघा, आपण इयत्ता निवडून बटण दाबतो तेव्हा सर्व्हरकडे एक विनंती जाते, तिला रिक्वेस्ट म्हणतात. तिच्यातल्या माहितीवरून सर्व्हर हजारो नोंदी चाळून आपल्यापुरत्या काढून देतो. हेच फिल्टर. पण रिक्वेस्टमधला नंबर कोणीही हाताने लिहू शकतो. यादीतून दुसऱ्या शाळा नुसत्या लपवून काही होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, चूक साइट बनवणाऱ्याची. जँगोसारख्या फ्रेमवर्कमध्ये लॉगिन कोणाचं आहे हे प्रत्येक रिक्वेस्टसोबत कळतं. मग शाळा त्या लॉगिनवरूनच ठरवा, इयत्ता तेवढी रिक्वेस्टमधून घ्या. इयत्ता चुकली तर फार तर रिकामी यादी येईल. केंद्रप्रमुखांना अनेक शाळा बघाव्या लागतात? त्यांच्या लॉगिनला तेवढ्याच शाळा जोडा. काम दोन-चार ओळींचं आहे.

दाखल-खारीज बघायला कोणी आलं, तर मुख्याध्यापक आधी विचारतात, "तुम्ही कोण?" रजिस्टर नंबर बरोबर सांगितला म्हणून कपाट उघडत नाहीत. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालकच धरले आहेत. आपली तर पहिली-दुसरीची लेकरं.

पुढच्या शिक्षण परिषदेत एवढंच विचारा: या साइटवर शाळा कशावरून ठरते, लॉगिनवरून की पत्त्यातल्या नंबरावरून? मी विचारलं. चहा येईपर्यंत कोणी बोललं नाही.