ट्रॅक्टर किती एच.पी.चा? हा प्रश्न आपण कधी विचारणार?

समाज कल्याण कार्यालयाची जाहिरात निघाली की बजाजनगर, रांजणगाव, वडगाव कोल्हाटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ती तासाभरात फिरते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना मिनी ट्रॅक्टर, 90 टक्के अनुदान. लगेच विचारणा सुरू होते. कागद कोणते लागतात? लॉटरी कधी आहे? ओळखीचं कोणी आहे का? ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा आहे आणि तो आपल्या रानाला पुरेल का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. गटांच्या बैठकांना मी नेहमी बसते. तिथे हा विषय काढला की हमखास उत्तर येतं, "ताई, सरकार देतंय तर एच.पी. कशाला मोजायची?"

मोजायची, कारण हा पैसा मेहेरबानीचा नाही. तो अनुसूचित जातींच्या वाट्याच्या तरतुदीतला, म्हणजे आपल्या हक्काचा पैसा आहे. हक्काची वस्तू माप बघूनच घ्यायची असते. दान पदरात पडेल तसं घेतात. आपण हक्काची वस्तू दानासारखी घ्यायला लागलो, तर ती दानासारखीच दिली जाणार.

योजना काय आहे ते आधी पाहू. 2012 साली सामाजिक न्याय विभागाने ती आणली, 2017 मध्ये तिच्यात सुधारणा झाली. बचत गटात किमान 80 टक्के सदस्य अनुसूचित जाती वा नवबौद्ध हवेत, अध्यक्ष आणि सचिवही त्याच घटकातले हवेत. मिळतो 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर. सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर, आणि ट्रेलर. खर्चाची मर्यादा साडेतीन लाख रुपये. त्यातले 3 लाख 15 हजार शासनाचे, 35 हजार गटाचे. मर्यादेच्या वर जे लागेल ते गटाने स्वतःच्या खिशातून घालायचं. आज 15 अश्वशक्तीच्या नुसत्या ट्रॅक्टरची किंमतच तीन-साडेतीन लाखांच्या घरात जाते. मग रोटाव्हेटर आणि ट्रेलर कशातून घ्यायचे?

आता 9 ते 18 हे माप बघा. पैठण-गंगापूरच्या काळ्या रानाला आणि फुलंब्री-कन्नडच्या डोंगरउतारावरच्या मुरमाड जमिनीला एकच माप. मोसंबीच्या बागेला आणि तीस एकर कपाशीलाही तेच. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात 8 ते 70 पीटीओ अश्वशक्तीपर्यंतचे ट्रॅक्टर अनुदानाला पात्र आहेत. तिथे अनुदान कमी आहे, हे मान्य. पण तिथे शेतकरी आपल्या कामाला लागेल ते माप निवडू शकतो. आपल्यासाठी मात्र माप योजनेच्या नावातच छापून ठेवलं आहे. आपलं रान लहानच असणार आणि आपलं कामही लहानच असणार, हे योजना लिहिणाऱ्याने न मोजताच धरून चाललेलं आहे.

पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वाईट नसतो. तो अंगाने अरुंद असतो, कपाशी लहान असेपर्यंत चार फुटी ओळींमधून कोळपणीला जातो, फळबागेत झाडांच्या मधून फिरतो, डिझेल कमी पितो. भाजीपाला, हलकी जमीन, बाग या कामांना तो मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा सरस आहे. पण भारी काळ्या रानात खोल नांगरट त्याच्याकडून होत नाही. वजनच कमी, त्यामुळे नांगर जमिनीत रुतला की चाकं जागेवर फिरतात. शिवाय शोरूमवाला सांगतो ती इंजिनाची अश्वशक्ती असते. रोटाव्हेटर फिरवायला पीटीओवर जी ताकद पोचते ती त्याहून कमी असते. खरेदीआधी पीटीओची अश्वशक्ती विचारली पाहिजे.

याहून मोठा मुद्दा वेळेचा आहे. साधा हिशेब करू. लहान ट्रॅक्टरला तीन फुटी रोटाव्हेटर जोडला, ताशी अडीच किलोमीटर वेग धरला आणि वळणांसाठी पाव वेळ सोडला, तर एका एकराला जवळपास अडीच तास लागतात. दहा सदस्यांचं मिळून तीस एकर रान असेल तर पंचाहत्तर तास. रोज आठ तास चालवला तरी नऊ दिवस. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सहा फुटी रोटाव्हेटर लावून ताशी तीन किलोमीटरने चालला, तर एकराला तासभर. तेच तीस एकर चार दिवसांत उरकतात. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानाचा वाफसा किती दिवस टिकतो, हे ज्याने शेती केली त्याला सांगावं लागत नाही. आधी चिखल, नंतर दगड, मधले काही दिवसच कामाचे. नवव्या दिवशी ज्याचं रान येणार त्याचा वाफसा गेलेला असतो. म्हणून ट्रॅक्टरचं माप एकरांवर जितकं ठरतं, तितकंच वाफशाच्या दिवसांवरही ठरतं.

इथे जात येते. गावात ट्रॅक्टर कोणाकडे असतो? ज्याच्याकडे जमीन, सोसायटी, ग्रामपंचायत आणि बँकेतली पत असते त्याच्याकडे. पहिल्या पावसानंतर त्याचा ट्रॅक्टर आधी त्याच्या रानात जातो, मग भावकीच्या, मग मर्जीतल्यांच्या, आणि शेवटी आपल्या रानात येतो. भाडं मात्र आपण रोख मोजतो. कोणी शिवी देत नाही, कोणी अडवत नाही, फक्त पाळी शेवटी लावली जाते. पेरणी आठ दिवस मागे पडली की पीक मागे पडतं, आणि मग कट्ट्यावर बोललं जातं की 'यांना शेती जमत नाही'. ही अस्पृश्यता कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येत नाही, कारण तिचा पुरावा फक्त पेरणीची तारीख असते.

ही पाळी मोडण्यासाठी आपल्याला स्वतःचं यंत्र हवं. आणि ज्या कामाला पाळी सगळ्यात महत्त्वाची, ते काम पेरणीचं. योजनेतल्या उपसाधनांची यादी पुन्हा वाचा. कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर, आणि ट्रेलर. पेरणी यंत्र त्यात नाही! म्हणजे रान तयार करून आपण पुन्हा पेरणीसाठी त्याच दारात उभे राहायचं.

बाबासाहेबांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे. 1918 साली त्यांचा 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज' हा निबंध प्रसिद्ध झाला. त्या काळी सगळे विद्वान म्हणत होते की भारतात शेतीचे तुकडे लहान आहेत, ते जोडून मोठे करा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी विचारलं, लहान कशाच्या तुलनेत? जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. ती कसायला माणसं किती, भांडवल किती, अवजारं किती, यांच्या प्रमाणावर ठरतं. शेतकऱ्याकडे अवजारंच पुरेशी नसतील तर आहे ती जमीनसुद्धा त्याला जास्त होते, इथपर्यंत त्यांनी हा युक्तिवाद नेला. शेतीवरची जादा माणसं उद्योगात गेली पाहिजेत, हा उपायही त्यांनी तिथेच सांगितला.

बजाजनगर म्हणजे त्या उपायाचा अर्धा भाग आहे. 1985 पासून वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्यामागे बाकीचे आले, आणि मराठवाडा-विदर्भातल्या गावांतून आपली माणसं इथे आली. शेतीवरची माणसं उद्योगात गेली. पण त्यांच्या मागे गावातल्या जमिनीत भांडवल आणि अवजारं आली नाहीत. म्हातारे आईबाप, तीन एकर कोरडवाहू आणि भाड्याचा ट्रॅक्टर एवढंच मागे राहिलं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीचं सरासरी क्षेत्र 1.08 हेक्टर आहे, अनुसूचित जातींचं 0.78 हेक्टर. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. आज दादासाहेबांच्याच नावाच्या सबळीकरण योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. जमीन एका योजनेत, ट्रॅक्टर दुसऱ्या योजनेत, पेरणी यंत्र या दोन्हींत नाही, आणि या तिघांचं प्रमाण जुळवायची जबाबदारी कोणाचीच नाही. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी जमीन राज्याची, शेती सामूहिक, आणि पाणी, जनावरं, अवजारं, खत, बियाणं पुरवणं हे राज्याचं बंधन अशी पूर्ण जोडणी मांडली होती. आपल्याला मिळाले तिचे सुटे भाग.

आता आपल्या लोकांशीही बोललं पाहिजे. सरकार आपल्याला लहान मापात मोजतं म्हणून त्याचं उत्तर मोठा ट्रॅक्टर नव्हे. गावात पाटलाच्या पोराकडे पन्नास एच.पी. आहे, म्हणून आपणही पन्नास एच.पी.च घ्यायचा, ही ईर्ष्या मी बघते आहे. गायरान कसणाऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव नसतं, मग बँक दारात उभी करत नाही. तो जातो खासगी फायनान्सकडे. तीन एकराच्या जिवावर सहामाही हप्ते सुरू होतात. एकट्याच्या तीन एकरांना मोठ्या ट्रॅक्टरचं काम वर्षातून मोजके तास. उरलेले दिवस तो ऊसतोड, वीटभट्टी, वाळू यांच्यामागे धावतो किंवा दारात उभा राहतो. हप्ता थकला की फायनान्सवाले ओढून नेतात, आणि गाव बघत असतं. स्वाभिमान बॉनेटच्या उंचीवर मोजायचा नसतो.

दुसरी गोष्ट त्याहून कडू आहे. कागदावरचे गट. दहा बायका बजाजनगरच्या एकाच गल्लीत राहतात, पण त्यांच्या जमिनी जालना, बीड, परभणी, बुलढाणा अशा चार जिल्ह्यांत. असा गट ट्रॅक्टर घेऊन तो कुठे चालवणार? मग तो एका सदस्येच्या नवऱ्याच्या ताब्यात जातो, नाहीतर गुपचूप दुसऱ्याच कोणाच्या रानात राबतो. कागदावर अध्यक्ष बाई, स्टिअरिंगवर भलताच. ट्रॅक्टर चालवायला हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो. दहा बायकांच्या गटात निदान दोघींनी तो काढायला काय हरकत आहे? लहान ट्रॅक्टर तर त्यांना सहज आवरतो.

कोणी म्हणेल, भाड्याने घेतलेला स्वस्त पडतो, कशाला या भानगडीत पडायचं? एकट्या तीन एकरवाल्यासाठी हा हिशेब बरोबर आहे. पण भाड्याच्या दरात पाळीची किंमत धरलेली नसते. वाफसा हुकल्याने गेलेलं पीक त्या हिशेबात मिळवा आणि मग सांगा स्वस्त काय पडलं ते. भाड्यानेच घ्यायचं तर आपल्याच गटाकडून घेऊ, जिथे पाळी जातीवर ठरत नाही, वहीत लिहिलेल्या क्रमाने येते.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवल्या पाहिजेत. पहिली, अनुदान अश्वशक्तीच्या आकड्याला बांधू नका, गटाच्या कामाला बांधा. जमिनीचा प्रकार, एकूण एकर, पिकं बघून गटाने मागणी लिहावी आणि कृषी सहायकाने ती रानात येऊन तपासावी. दुसरी, खर्चाची मर्यादा बाजारभावाप्रमाणे दरवर्षी बदलली पाहिजे. तिसरी, उपसाधनांच्या यादीत पेरणी यंत्र आणि फवारणी यंत्र आलंच पाहिजे, ट्रेलर नको असेल तर त्याऐवजी ते घेण्याची मुभा हवी. चौथी, ज्यांच्या जमिनी एका शिवारात आहेत अशा गटांना प्राधान्य द्या. आणि ज्यांना सबळीकरण योजनेतून जमीन दिली, त्यांना त्याच निर्णयात अवजारंही द्या.

आणि गटांनी अर्ज भरण्याआधी एका बैठकीत चार गोष्टी वहीत लिहाव्यात. आपली मिळून जमीन किती आणि कुठे? काळी, मध्यम की मुरमाड? नांगरट, पेरणी, कोळपणी यातलं कोणतं काम दुसऱ्याच्या पाळीवर अडतं? आणि वाफशाच्या दिवसांत ते काम पुरं व्हायला किती तास लागतात? भारी रान एकत्र असेल तर पंधरा एच.पी.वर समाधान मानू नका, मोठ्या यंत्रासाठी केंद्राच्या योजनेचा हिशेबही मांडून बघा. बाग आणि भाजीपाला असेल तर पन्नास एच.पी.च्या मोहात पडू नका. जमिनी विखुरलेल्या असतील तर ट्रॅक्टरचा अर्जच करू नका, ती जागा दुसऱ्या गटाला जाऊ द्या.

वाळूजच्या कारखान्यात आपली पोरं मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी पार्ट रिजेक्ट करतात. मापात बसत नाही ते पुढच्या स्टेशनला जाऊ देत नाहीत. ही शिस्त शिफ्ट संपली की गेटवर ठेवून येऊ नका. पुढची जाहिरात निघेल तेव्हा ती समाज कल्याणच्या टेबलावर घेऊन जा, आणि कागद कोणते लागतात हे विचारण्याआधी विचारा की आमच्या रानाचं माप कोणी घेतलं?

जय भीम!