वाघ्रोच्या मुलुखात

डिचोलीहून साखळीच्या वाटेने सकाळी निघालेल्यास एखादे उदमांजर, मुंगूस वा अजगर रस्त्यावर चिरडून पडलेला दिसणे, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वाहने त्यावरून जातच राहतात. दुपारपर्यंत डांबरावर डाग तेवढा उरतो. आमच्या गावांतून मेलेला नाग दिसला तर त्याच्या तोंडी नाणे ठेवून त्यास अग्नी देणारी माणसे अजून आहेत. कोणी यास भाबडेपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. ज्या जिवाचे भय वाटते त्याच्याही देहाची विटंबना होऊ नये, एवढी समज त्यात खचित आहे.

शेजारच्या सत्तरीत ही समज वाघापर्यंत पोचली होती. तेथे 'वाघ्रो' हा देव मानून पुजला जातो. त्याच सत्तरीत २००९ साली केरी येथे वाघ मारला गेला. त्याचे छायाचित्र मोबाइलवरून फिरले, तेव्हा कोठे प्रकरण बाहेर फुटले. पुढे जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात, गोळावली येथे, एक वाघीण व तिची तीन पिल्ले विषप्रयोगाने मेलेली आढळली. पाषाणातल्या वाघाला फूल आणि रानातल्या वाघाला विष! अर्थात ज्या गवळ्याची दुभती म्हैस वाघाने नेली, त्याला भक्तीचे पाठ देण्याचा अधिकार आम्हां शहरवासीयांना नाही. भरपाई वेळेवर त्याच्या हाती पडली पाहिजे. तो खर्चही वाघाच्या सन्मानातच मोडतो.

मेलेल्या वाघासंबंधी नियम कडक आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याचे कलेवरही सरकारी मालमत्ता ठरते. शवचिकित्सेनंतर नखे, दात, कातडे यांसकट सारा देह साक्षीदारांसमक्ष जाळावा लागतो. हेतू व्यापार रोखण्याचा. पण तीही एक अंत्येष्टीच. मृत्यूचे कारण शोधल्यावाचून ती होत नाही, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

उदमांजराच्या वाट्याला यातले काय येते? डिचोलीच्या रस्त्यांवर मेलेले प्रत्येक वन्य जनावर वनखात्याने उचलावे, जागा व वेळ वहीत टिपावी, आणि जेथे पुनःपुन्हा रक्त सांडते तेथे गतिरोधक घालावा. नागरिकांनी कलेवराला हात लावू नये, छायाचित्रांचा तमाशा मांडू नये. वनखात्याला कळवावे आणि आपले वाहन बाजूने न्यावे.